काठी, लाह्या आणि औषध

पावसाच्या पहिल्या सरी कोसळल्या आणि शेताच्या बांधांतली बिळे पाण्याने भरली, की कणकवली परिसरात दरवर्षीचा ठरलेला प्रकार सुरू होतो. गड आणि जानवली या नद्यांच्या काठच्या वाड्यांत, पडवीतल्या लाकडांच्या राशीत, गोठ्याच्या आढ्यावर, शाळेच्या अडगळीच्या खोलीत, क्वचित एखाद्या कचेरीच्या दप्तरखान्यातही साप निघतो. पूर्वी अशा वेळी काठ्या निघत. आता बहुधा सर्पमित्राला बोलावणे जाते. तो येतो, सापाला पोत्यात किंवा प्लास्टिकच्या बरणीत घालतो, जमलेल्या मुलांना त्याची ओळख करून देतो आणि जवळच्या रानात सोडून देतो. गेल्या तीन-चार दशकांत समाजाच्या वृत्तीत झालेला हा पालट लहान नाही आणि त्याचे श्रेय ज्यांनी जीव धोक्यात घालून हे काम केले त्यांना दिलेच पाहिजे.

परंतु या कौतुकाच्या कथेत एक जागा रिकामी राहते. पकडलेल्या धामणीच्या खवल्यांखाली करड्या गोचिड्या चिकटलेल्या असतात. एखादा नाग तोंड अर्धवट उघडे ठेवून श्वास घेत असतो आणि त्याच्या तोंडाशी फेस जमलेला असतो. नांगराच्या फाळाने जखमी झालेल्या अजगराच्या अंगावर माशांची अंडी पडलेली असतात. अशा सापाला सोडून द्यावे, तर तो जगेल याची शाश्वती नाही. ठेवून घ्यावे, तर त्याच्यावर उपचार कोणी करायचे हा प्रश्न उभा राहतो. तालुक्याच्या गावी जनावरांचा दवाखाना असतो, त्यात डॉक्टरही असतात. पण त्यांचा दिवस गायी-म्हशी, शेळ्या आणि कोंबड्या यांतच संपतो. त्यांच्या टेबलावर साप ठेवला तर डॉक्टरही बुचकळ्यात पडतात आणि आणणाराही. मग जो ज्याला सुचेल तो उपाय होतो. कोणी घासलेट लावतो, कोणी हळद दाबतो, कोणी गुरांच्या गोचिडांवरचे औषध फवारतो. साप मेला तर ‘त्याचे आयुष्यच तेवढे’ म्हणून विषय मिटतो.

आजारी सापाचा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटेल. पण समाजाच्या ज्ञानाची आणि दयेची कसोटी अशा क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नांतच लागते.

देव किंवा वैरी

कोकणात सापाचे नाव सहसा घेत नाहीत. त्याला ‘जनावर’ म्हणतात. तो चावला तर ‘पान लागले’ म्हणतात. ज्याचे नाव उच्चारायचीही भीती वाटते, त्याच्याच रूपाने शेताचा राखणदार वावरतो अशीही श्रद्धा असते. सातेरी देवी वारुळाच्या रूपात पुजली जाते. नागपंचमीला घरोघर मातीचा नाग आणून त्याला दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवतात आणि त्या दिवशी जमीन खणत नाहीत. जिवंत सापाला हात न लावता मातीच्या नागाची पूजा करणारी ही रीत किती शहाणपणाची आहे, हे पुढे दिसेलच.

दुसऱ्या बाजूला, एकोणिसाव्या शतकात मालवण-देवगडचा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असताना इंग्रज सरकारने फुरशांच्या डोक्यावर इनाम लावले होते आणि लोकांनी ती मारून आणून सरकारजमा केली होती. पूजा आणि इनाम ही दोन टोके झाली. या दोन्ही टोकांच्या मध्ये साप नावाचा एक प्राणी आहे, त्याला यकृत आहे, मूत्रपिंडे आहेत, आतडी आहेत, त्या आतड्यांत जंत होतात, त्याला ताप सोसावा लागतो, पाणी कमी पडते, ही साधी गोष्ट मात्र विसरली गेली. देवाला आजार होत नाही आणि वैऱ्याच्या आजाराची कोणी विचारपूस करत नाही. म्हणून सापाच्या वाट्याला काठी आली, लाह्या आल्या. औषध तेवढे आले नाही.

रोग बंदिवासाचा

सापाच्या अंगावरचे आणि पोटातले परोपजीवी हा काही दुर्मिळ प्रकार नव्हे. रानातला जवळजवळ प्रत्येक साप काही ना काही पाहुणे घेऊनच जगत असतो. धामण, नाग, अजगर यांच्या अंगावर गोचिड्या आढळतात. घोरपडीच्या अंगावरही त्यांच्याच जातभाई असतात. आतड्यांत अंकुशकृमी आणि गोलकृमी असतात, फुप्फुसात फुप्फुसकृमी असतात. जिभेच्या आकारामुळे ज्यांना जिव्हाकृमी म्हणता येईल असे विलक्षण जीवही सापांच्या श्वसनमार्गात राहतात. बेडूक, सरडे, मासे आणि उंदीर यांच्या शरीरांतून या कृमींच्या कोवळ्या अवस्था सापाच्या पोटात पोचतात. ज्याला जे खाणे, त्याला ते दुखणे.

तरीही रानातला साप बहुधा धडधाकट असतो, कारण तिथे दोन्ही बाजूंत एक प्रकारचा समझोता झालेला असतो. साप एका जागी राहत नाही. तो आपल्या विष्ठेपासून दूर जातो, उन्हात अंग शेकतो, खरखरीत दगडावर कात टाकतो आणि कातीबरोबर अंगावरचे काही ओझेही टाकतो. आश्रयदात्याला मारून परोपजीवीचाही फायदा नसतो. हा समझोता मोडतो तो सापाला पेटीत घातल्यावर. पेटीत त्याची विष्ठा त्याच्याच अंगाखाली राहते. अंकुशकृमीसारख्या ज्या कृमींना वाढीसाठी मधल्या दुसऱ्या प्राण्याची गरज नसते, त्यांची अंडी तिथेच उबतात आणि त्यांच्या अळ्या पुन्हा त्याच सापाच्या शरीरात शिरतात. रानात ज्याच्या पोटात दहा कृमी होते, त्याच्या पोटात ते पेटीत शेकड्यांनी वाढतात. भीतीने आणि उपासाने सापाची प्रतिकारशक्ती खालावलेली असते ती वेगळीच.

अंगावरच्या माइट नावाच्या बारीक काळ्या किड्यांचीही हीच कथा आहे. खसखशीच्या दाण्याएवढा हा जीव खवल्यांच्या फटीत, हनुवटीखाली आणि डोळ्यांच्या कडेला बसून रक्त शोषतो. अनुकूल उबेत दोन-तीन आठवड्यांत त्याची एक पिढी पुरी होते. विशेष म्हणजे तो आपली अंडी सापाच्या अंगावर न घालता पेटीच्या सांदीकोपऱ्यात घालतो. म्हणून केवळ सापाला औषध लावून भागत नाही. पेटी रिकामी करून, खालचा कागद जाळून, प्रत्येक फट धुऊन काढावी लागते आणि हे काम अंड्यांतून नवे किडे निघतील या हिशेबाने पुन्हा पुन्हा करावे लागते. साप तासन् तास पाण्याच्या भांड्यात बसून राहू लागला आणि भांड्याच्या तळाशी काळे ठिपके दिसू लागले, की जाणकार काय ते ओळखतो. अजाणाला मात्र वाटते की सापाला उकडते आहे.

सापाच्या परोपजीवींचा रोग हा बऱ्याच अंशी बंदिवासाचा रोग आहे, असा या साऱ्याचा अर्थ निघतो. त्याचा पहिला उपाय औषधाच्या बाटलीत नसून पेटीच्या स्वच्छतेत, योग्य उबेत आणि बंदिवास शक्य तितका लवकर संपवण्यात आहे. ज्या सर्पमित्राने सकाळी पकडलेली धडधाकट धामण, अंगावर दोन-चार गोचिड्या दिसल्या म्हणून, ‘उपचारासाठी’ महिनाभर घरी ठेवली, त्याने तिच्यावर उपकार केले नाहीत. चिमट्याने गोचीड त्वचेलगत धरून सरळ ओढून काढावी आणि धामण त्याच दिवशी, पकडली त्याच परिसरात सोडावी, यातच तिचे हित आहे.

गुरांचे औषध, सापाचे मरण

ज्या सापाला खरोखरच उपचार हवे असतात, त्याच्या बाबतीत धोका उलट दिशेने येतो. जंतांवरची आणि गोचिडांवरची अनेक औषधे गुरांसाठी आणि सापांसाठी तीच आहेत. कृषी सेवा केंद्रात किंवा जनावरांच्या औषधांच्या दुकानात ती सहज मिळतात. त्यामुळे ‘गाईला चालते ते सापाला का चालू नये’ असा सोपा विचार केला जातो. तो किती महागात पडतो, हे एका साध्या हिशेबाने कळेल. हा हिशेब औषध देण्यासाठी नव्हे, न देण्यासाठी आहे.

आयव्हरमेक्टिन हे औषध गुरांना एक टक्का तीव्रतेच्या इंजेक्शनाने देतात. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये दहा मिलिग्रॅम औषध असते. ३०० किलो वजनाच्या गाईला सहा मिलिलिटर पुरतात. त्याच प्रमाणात २०० ग्रॅम वजनाच्या कोवळ्या सापाचा हिशेब केला, तर मात्रा येते एका मिलिलिटरचे चार हजारांश. साध्या पिचकारीने एवढे औषध मोजता येत नाही. सुईच्या टोकाशी लोंबणारा एक थेंबसुद्धा साधारण मिलिलिटरचा विसावा भाग असतो. म्हणजे तो एक थेंब या मात्रेच्या बारा पटींहून अधिक झाला. गाईला ज्याने काहीच झाले नसते, त्याने सापाचे मज्जातंतू लुळे पडतात. कासवांच्या बाबतीत तर हे औषध योग्य वाटणाऱ्या मात्रेतही प्राणघातक ठरते. म्हणून एकाच माणसाकडे साप आणि कासव दोन्ही असतील, तर एकाचे औषध दुसऱ्याला देणे ही घोडचूक होय. गोठ्यात फवारण्याच्या कीटकनाशकांचेही तसेच आहे. माइट मारायला वापरलेला फवारा सापालाच मारू शकतो.

मात्रेखेरीज आणखी दोन गोष्टी आहेत. साप हा शीतरक्ताचा प्राणी. त्याच्या शरीराचा कारभार भोवतालच्या उबेवर चालतो. त्याला थंड फरशीवर ठेवून औषध दिले, तर ते शरीरातून बाहेर पडायला किती दिवस लागतील याचा भरवसा नाही. दुसरी गोष्ट पाण्याची. उपाशी-तहानलेल्या सापाच्या मूत्रपिंडांना औषधाचा भार सोसत नाही. म्हणून जाणता डॉक्टर आधी ऊब देतो, मग पाणी देतो आणि मगच औषधाचा विचार करतो. इंजेक्शन द्यायचे तर तो शरीराच्या पुढच्या भागात देतो, कारण सापाच्या मागच्या भागातले रक्त हृदयाकडे जाण्याआधी मूत्रपिंडातून जाऊ शकते. गुरांच्या पुठ्ठ्यावर सुई टोचण्याची सवय झालेल्या हाताला हा भेद कोणी तरी शिकवावा लागतो. तो अंदाजाने उमगत नाही.

आणि या सगळ्याच्या आधी येते ती विष्ठेची तपासणी. जंत आहेत की नाहीत, असल्यास कोणते आहेत, हे कळल्यावाचून दिलेले औषध म्हणजे अंधारात फेकलेला दगड. ही तपासणी अवघड नाही. ताजी विष्ठा स्वच्छ बाटलीत घेऊन मिठाच्या तीव्र द्रावणात घोळली, की कृमींची अंडी पृष्ठभागावर तरंगतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. गुरांच्या शेणाची अशीच तपासणी होते; त्यामुळे यंत्र आणि रीत यांची नवी खरेदी करावी लागत नाही. हवी असते ती ओळख. कारण सापाने उंदीर खाल्ला असेल, तर उंदराच्या पोटातल्या कृमींची अंडीही सापाच्या विष्ठेतून निघतात. ती पाहून सापाला जंताचे औषध देणे म्हणजे शेजाऱ्याच्या कर्जासाठी आपल्या घरावर जप्ती आणण्यासारखे आहे.

मैल्याकडे नाक मुरडणाऱ्या समाजाला त्याची शास्त्रशुद्ध व्यवस्था शिकवण्यासाठी अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीजवळच्या गोपुरीत आपले आयुष्य वेचले. ज्याला घाण म्हणून दूर लोटावे त्यातच आरोग्याची किल्ली असते, हा धडा ज्या गावाने एवढ्या जवळून पाहिला, त्या गावाला विष्ठेच्या बाटलीचे महत्त्व पटवून देणे अवघड जाऊ नये.

अभ्यास, कौतुक आणि कायदा

महाराष्ट्राला सापांच्या शास्त्रीय अभ्यासाची परंपरा नाही असे नव्हे. परळच्या हाफकिन संस्थेत सर्पदंशावरील लस आणि सापांचे विष यांवर दीर्घकाळ काम झाले. तेथे काम केलेल्या डॉ. पी. जे. देवरसांचे भारतीय सापांवरील पुस्तक १९६५ साली नॅशनल बुक ट्रस्टने प्रसिद्ध केले. १९८० साली नीलिमकुमार खैरे यांनी बहात्तर विषारी सापांच्या सहवासात बहात्तर तास काढून सापांविषयीचे भय कमी करण्याचा प्रयत्न केला आणि १९८६ मध्ये पुण्यात कात्रजचे सर्पोद्यान उभे राहिले. तमिळनाडूत १९७८ साली स्थापन झालेल्या इरुळांच्या सहकारी संस्थेने तर एक चांगला दंडक घालून दिला. विष काढण्यासाठी आणलेले साप तेथे मोजके आठवडे ठेवतात, ठराविक वेळाच विष काढतात आणि मग पुन्हा रानात सोडतात. बंदिवास आवश्यक असला तरी त्याला मुदत असली पाहिजे, हे तत्त्व त्यात आहे.

याच्या उलट गारुड्याच्या टोपलीची रीत होती. नागाचे दात उपटायचे, कधी तोंड शिवायचे, पंचमीच्या आधी त्याला पाण्यावाचून ठेवायचे आणि मग तहानेने तो दुधाला तोंड लावतो तेव्हा भाविकांनी हात जोडायचे. सापाला दूध पचत नाही. ते श्वासनलिकेत शिरले तर फुप्फुसाचा दाह होतो. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याची नागपंचमी जिवंत नागांसाठी प्रसिद्ध होती. तेथील नाग पकडण्यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने निर्बंध आले आणि त्यावरचा वाद पुढे कित्येक वर्षे चालला. परंपरा आणि कायदा यांच्या त्या झगड्यात दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलले गेले. पकडलेल्या नागाला त्या दिवसांत काय सोसावे लागते, हा प्रश्न मात्र त्या गदारोळात मागेच राहिला. कोकणातला मातीचा नाग त्या दृष्टीने अधिक सुखी. त्याला तहान लागत नाही.

कायदा आता पुरेसा स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये भारतीय साप पकडणे, जवळ बाळगणे वा विकणे हा गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीने नाग, घोणस, धामण यांसारख्या सापांना पहिल्या अनुसूचीचे, म्हणजे सर्वोच्च, संरक्षण मिळाले. तेव्हा कोकणातला कोणताही साप ‘पाळीव’ असू शकत नाही. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी बरणीत आठवडाभर ठेवलेली नानेटीसुद्धा या व्याख्येत बसत नाही, हे शिक्षकांनी लक्षात ठेवलेले बरे.

लपवलेला साप, लपवलेला रोग

परंतु ‘पाळीव साप’ ही गोष्ट आज केवळ कल्पनेतली राहिलेली नाही. आफ्रिकेतला बॉल पायथन, अमेरिकेतला कॉर्न स्नेक असे परदेशी साप हौसेने पाळणारे लोक मुंबई-पुण्यात आहेत आणि शहरातली हौस तालुक्याच्या गावी पोचायला आता वेळ लागत नाही. कणकवलीतून महामार्ग जातो, कोकण रेल्वे जाते. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या पुड्यांत दडवलेले नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक सापडले. जे पकडले गेले त्यांची बातमी झाली. अशा प्रवासात साप एकटा येत नाही. त्याच्या खवल्यांत आणि आतड्यांत त्याच्या देशाचे परोपजीवीही विनातिकीट येतात.

हा बागुलबुवा नव्हे. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात हौसेने आणलेले आशियाई अजगर रानात सुटले आणि त्यांच्याबरोबर आशियातला एक जिव्हाकृमी तेथील स्थानिक सापांच्या फुप्फुसांत शिरला. त्या सापांना या पाहुण्याशी समझोता करण्यासाठी हजारो वर्षांचा अवधी मिळाला नव्हता. अजगर पोचले नव्हते अशा भागांतही तो कृमी पसरला. आंबोलीपासून फोंडा घाटापर्यंतच्या ज्या डोंगररांगेत मलबार चापड्यासारखे जगात फक्त पश्चिम घाटातच सापडणारे साप राहतात, तेथे असे काही घडले तर ते दुरुस्त करण्याचे औषध कोणाकडेही असणार नाही.

म्हणून परदेशी साप बाळगणाऱ्याने तो डॉक्टरकडे नेणे ही केवळ त्याची खासगी बाब राहत नाही. २०२० साली केंद्र सरकारने असे प्राणी स्वेच्छेने जाहीर करण्याची सोय केली आणि २०२४ च्या नियमांनी आंतरराष्ट्रीय करारातील अनुसूचित प्राण्यांची नोंदणी बंधनकारक केली. उद्देश योग्यच होता. परंतु ज्याने नोंद केली नाही तो आता भीतीपोटी सापाचा आजारही लपवतो. त्याला डॉक्टरकडे जाता येत नाही. तो दुकानातून बाटली आणतो आणि कोणा अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून मात्रा ठरवतो. साप बरा झाला नाही किंवा हौस फिटली, की रात्री तो नदीकाठी सोडून दिला जातो. बेकायदा साप, चोरटे औषध आणि गुपचूप सुटका अशी ही साखळी आहे आणि तिच्या शेवटच्या कडीत स्थानिक रान अडकते. आपल्या मुलांच्या हाती असा साप देणाऱ्या पालकांनी हेही जाणले पाहिजे, की सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेतून साल्मोनेलाचे जंतू माणसाला, विशेषतः लहान मुलांना, बाधतात.

माणसे मरत असताना?

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांत शेतात राबणाऱ्या गरिबांचाच भरणा अधिक. ज्या देशात दंश झालेल्या माणसाला वेळेवर लस मिळण्याची मारामार, तेथे चावणाऱ्याच्या जंतांची चिंता कोणाला परवडणार?

या प्रश्नाला दयेच्या भाषेत उत्तर देण्याची गरज नाही. व्यवहाराच्या भाषेतही ते देता येते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी ग्रामीण रुग्णालयात राहून विंचूदंशावर आणि सर्पदंशावर जे काम केले, त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली. खेड्यातल्या उपेक्षित दुखण्याकडे एखादा डॉक्टर शास्त्रीय नजरेने पाहू लागला, की जे दैव समजले जात होते तेच आटोक्यात येते. सापाच्या आजाराचेही तसेच आहे. जखमी वा आजारी साप हाताळताना सर्पमित्राला दंश होण्याचा धोका अधिक असतो, कारण चिमट्याने गोचीड काढायला त्याला सापाच्या तोंडाजवळ जावे लागते. उपचाराची जागा, साधने आणि रीत ठरली, तर हा धोका घटतो. उंदरांचा फडशा पाडणारी धामण वाचते ती शेतकऱ्याच्याच भातासाठी. शिवाय सापाला हात लावायला शिकलेला डॉक्टर गावाला साप ओळखायलाही शिकवू शकतो आणि ओळख पटली की भीतीने होणारी धावपळ थांबते. माणूस आणि साप यांचे आरोग्य असे एकमेकांत गुंतलेले असताना एकासाठी दुसऱ्याकडे पाठ फिरवावी लागत नाही.

करता येण्याजोगे

करायचे ते डोंगराएवढे नाही. कणकवलीहून मुंबई साडेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे. कोल्हापूरलाही फोंडा घाट चढून जावे लागते. आजारी सापाला पिशवीत घालून एवढा प्रवास घडवणे म्हणजे रोगाला मदत करणे होय. तेव्हा उपचार त्याच्याजवळ आले पाहिजेत. मुंबईचे आणि शिरवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय, कात्रजसारखे प्राणिसंग्रहालय आणि वन विभाग यांनी मिळून तालुक्याच्या दवाखान्यांतल्या डॉक्टरांसाठी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या उपचारांचे चार-आठ दिवसांचे प्रशिक्षण वर्ग पावसाळ्यापूर्वी घ्यावेत. प्रत्येक डॉक्टर तज्ज्ञ होईल ही अपेक्षा नाही. वजन कसे घ्यावे, ऊब आणि पाणी कसे द्यावे, विष्ठेत काय पाहावे, कोणते औषध मुळीच देऊ नये आणि कोणाला विचारावे, एवढे कळले तरी निम्मे काम झाले.

सर्पमित्रांच्या विम्याचा आणि ओळखपत्राचा प्रश्न राज्यात चर्चेला आला आहे. तो तडीस जावाच. पण ओळखपत्राबरोबर एक वहीही द्यावी. साप कोठे सापडला, वजन किती, अंगावर काय आढळले, किती तासांनी व कोठे सोडला, या चार रकान्यांची वही पुरे. कचेरीतल्या कारकुनाला अशा रकान्यांचे मोल वेगळे सांगायला नको. पाच वर्षांच्या वह्या एकत्र ठेवल्या, तर सिंधुदुर्गातल्या सापांच्या आरोग्याचा नकाशा तयार होईल आणि महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला अभ्यासाला विषय मिळेल. परदेशी साप बाळगणाऱ्यांच्या बाबतीत कायद्याने व्यापाऱ्याचा आणि तस्कराचा पाठलाग कठोरपणे करावा. परंतु आजारी जनावर घेऊन डॉक्टरच्या दारात आलेल्या माणसाला त्या दारातच धरू नये. आजार उघडा पडणे हे शिक्षेपेक्षा अधिक मोलाचे आहे.

नागपंचमीला मातीच्या नागापुढे हात जोडणाऱ्या कोकणी माणसाकडे श्रद्धेची वाण नाही. काठी टाकून सर्पमित्राला बोलावण्याइतका समंजसपणाही त्याने दाखवला आहे. यापुढचे पाऊल आहे ते दवाखान्याच्या पायरीवरचे. पुढच्या पावसाळ्यात कोणी तरी जखमी धामण बरणीत घालून त्या पायरीशी येईल. तेव्हा आतल्या डॉक्टरने तिला पाहून मागे न सरता पहिला प्रश्न विचारावा, ‘हिचे वजन किती?’